घरातली वैद्यकीय रजा

'ताई, नमस्कार. वय ६१, साताऱ्यात राहतो. सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत होतो. तीन वर्षांपूर्वी ५८ पूर्ण झाली, निवृत्त झालो. नोकरीतली वीस-बावीस वर्षं बाहेरगावी गेली. नंदुरबार, मग लातूर, शेवटी सोलापूर. बायको आणि मुलगी साताऱ्यातच. दुसऱ्या-चौथ्या शनिवारला जोडून घरी यायचो, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. आता कायमचा आलो, तर या घरात माझं काहीच नाही असं वाटतं. शर्ट कोणता घालायचा इथपासून कुणाशी किती बोलायचं इथपर्यंत सगळं ती ठरवते. पेन्शनचं एटीएम कार्ड तिच्याकडे. राजवाड्यावर मित्रांत बसलो की वीस मिनिटांत फोन. पाहुण्यांसमोर "त्यांना काय विचारता, त्यांना काय कळतंय" हे ठरलेलं वाक्य. मित्र मला बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणतात. नंदुरबारला असताना पेटी शिकलो होतो. इथे दोनदा काढली, दोन्ही वेळा कटकट नको म्हणाली. आता पेटी माळ्यावर आहे.

गेल्या दिवाळीनंतर मला खरोखर चक्कर आली. कूस बदलली की खोली गरगर फिरायची. कानाचा दोष निघाला. डॉक्टरांनी झोपवून मान वळवून उपचार केले, दहा दिवसांत बरा झालो. पण ते दहा दिवस ती माझ्याशी हळू बोलत होती. कुणी कामाला पाठवलं नाही, कुणी टोकलं नाही. अकराव्या दिवशी तिनं विचारलं, कसं वाटतंय? माझ्या तोंडून गेलं, अजून गरगरतंय. त्याला सात महिने झाले. मधे एमआरआय झाला, त्यात काही निघालं नाही. गोळ्या ती समोर उभी असली तर गिळतो, नसली तर बेसिनमध्ये टाकतो. मुलगी बेंगळुरूहून दोनदा रजा टाकून येऊन गेली. बायकोनं भजनी मंडळ सोडलं, रात्री दोनदा उठून मला बघते. नातवाला माझ्याकडे देत नाहीत, हातातून पडेल म्हणून. आता पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं घाटतंय. यातून बाहेर कसा पडू? की चालू द्यावं असंच?'

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना राग आला, तो वहिनींच्या दोन वेळच्या रात्रीच्या उठण्यामुळे. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा 'माझ्या तोंडून गेलं' या तीन शब्दांवर थांबले. तुम्ही कट रचून आजारी पडला नाहीत. वर्षानुवर्षांनी कुणी तरी हळू आवाजात कसं वाटतंय विचारलं आणि तो आवाज संपू नये असं वाटलं. हे मला समजतं. तरीही तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, चालू देऊ नका. पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेण्याआधी हे संपलं पाहिजे.

तुम्ही आस्थापना शाखेत होतात, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते. परिवर्तित रजा तुम्ही शेकडो लोकांच्या नावावर टाकली असेल. वैद्यकीय दाखला जोडायचा, पूर्ण पगार घ्यायचा, आणि अर्धपगारी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा व्हायचे. दहा दिवस घेतले की वीस गेले. घरातली ही रजाही तशीच आहे. रजेवर असलेला माणूस घरी झोपू शकतो, पण त्या काळात त्याला दुसरीकडे हिंडताना कुणी पाहिलं तर चौकशी लागते. तुम्हाला सात महिन्यांत काय मिळालं ते बघा. खिडकीजवळची खाट, दुपारची शांतता, कुणी कोथिंबीर आणायला न पाठवणं. आणि काय गेलं? राजवाड्यावरचं बसणं गेलं, कारण चक्कर येणाऱ्याला कोण एकटं सोडेल? पेटी तर हातात घेणंच शक्य नाही, गरगरणारा माणूस सूर कसा लावेल? नातू गेला. म्हणजे तुम्हाला हवं होतं उठून काही तरी करणं आणि मिळालं ते पडून राहणं. आजारपणात एवढंच मिळतं. वहिनींचा ताबाही कमी झालेला नाही. आधी त्या तुमचा शर्ट ठरवायच्या, आता तुमची कूस ठरवतात.

मित्रांच्या चेष्टेबद्दल बोलते, कारण पत्रात तुम्ही ती ओलांडून गेलात आणि मला वाटतं ती तुम्हाला खोल लागली आहे. एखादी बाई नवऱ्याला विचारल्याशिवाय माहेरी जात नसेल, पैसे खर्च करत नसेल, तर तिला आपल्याकडे कुठलंच टोपणनाव नाही. तिचं ते वागणं रीत म्हणून खपतं. पुरुष त्याच जागी असला की तो मांजर होतो आणि सगळे हसतात. दोन्हीकडे गुदमरणारा माणूस कुणाला दिसत नाही. म्हणून सांगते, तुमची तक्रार खरी आहे. स्वतःच्या पेन्शनमधून वर्तमानपत्राचं बिल द्यायला हात पसरावा लागणं, पाहुण्यांसमोर आपल्याला काही कळत नाही असं ऐकावं लागणं, हा अपमान आहे. त्यातही दुसरा जास्त वाईट. शर्टाचं सोडून देता येतं. चारचौघांत अक्कल काढली जाते तेव्हा माणूस घरातल्या घरात परका होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट विचारते. पत्रात मारहाण, उपाशी ठेवणं, घराबाहेर काढण्याची धमकी असलं काही नाही, म्हणून मी नवरा-बायकोतला गुंता धरून लिहिते आहे. तसं काही असेल आणि तुम्ही लाजेनं लिहिलं नसेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर आधी बोला. तिथे बाप्या माणसाचा फोन आला म्हणून कुणी हसणार नाही.

आता वहिनींच्या बाजूनं थोडं बघू. बावीस वर्षं तुम्ही महिन्यातले चार-सहा दिवस घरी होतात. मुलीचा ताप, पाणीपट्टी, गळकं छत, सासूबाईंचं आजारपण, दहावीचा क्लास, सगळं त्यांनी एकटीनं ठरवलं, कारण विचारायला कुणी नव्हतं. ठरवण्याची ती सवय हौसेनं लागलेली नाही. मग एके दिवशी ट्रंक घेऊन तुम्ही कायमचे आलात, आणि बावीस वर्षं एका हातानं चाललेल्या घरात दुसरा हात आला. जपानमध्ये नोबुओ कुरोकावा नावाच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये एका प्रकाराला नाव दिलं होतं: नवरा निवृत्त होऊन दिवसभर घरी बसायला लागला की बायकांना पोटदुखी, रक्तदाब, झोप न लागणं असे त्रास सुरू होतात. तिथे आजारी पडतात त्या बायका, आणि खऱ्या. तुमच्या घरात आजारी पडलात तुम्ही, पण मूळ एकच आहे: निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी कुणाची जागा कोणती, हे दोघं कधी बसून बोलला नाहीत. वहिनी मालकीण झाल्या आणि तुम्ही पाहुणे राहिलात. मला यात एकटा दोषी कुणी दिसत नाही. पण सात महिन्यांचं खोटं मात्र एकट्या तुमचं आहे. ते वाटून घेता येणार नाही.

तब्येतीचं सांगते, कारण इथे खरा धोका आहे. तुम्हाला झालेला त्रास असा असतो: कानाच्या आत कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात, ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरतात. मग मान वळली की एखादं मिनिटभर सगळं फिरतं. डॉक्टर ठरावीक क्रमानं मान आणि अंग वळवतात ते त्या कणांना परत जागेवर आणायला. बहुतेकांना एकदोनदा केलं की बरं वाटतं. तपासणीच्या वेळी डॉक्टर डोळ्यांकडे बघत असतात, कारण खऱ्या चक्करेत बुबुळं आपोआप हलतात. तसं ठरवून सहसा करता येत नाही. पण दोन झटक्यांच्या मधल्या काळात तपासणी साफ येऊ शकते, म्हणून डॉक्टर तुमच्या सांगण्यावर विश्वास ठेवून पुढच्या तपासण्या लिहीत गेले. तुम्ही शब्द दिलात आणि त्यांनी तो धरला.

गोळ्यांची चिठ्ठी आज काढून बघा. चक्करेवर सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन अशी औषधं दिली जातात. थोडे दिवस ठीक. पण साठीच्या पुढच्या माणसानं ती महिनोन्‌महिने घेतली तर हात थरथरणं, चाल मंदावणं, अंग ताठरणं असे कंपवातासारखे परिणाम होऊ शकतात. तुम्ही अर्ध्या गिळता आणि अर्ध्या टाकता, म्हणजे कुणालाच, तुमच्या डॉक्टरांनाही, तुमच्या पोटात किती जातंय ते माहीत नाही. या गोळ्यांनी सुस्तीही येते. सात महिन्यांत कधीकधी खरंच अस्थिर वाटायला लागलं असेल तर तेही लपवू नका. सोंग करता करता शरीर काही शिकतं, आणि कानाचा तो त्रास पुन्हा उलटूही शकतो.

आणि सर्वांत मोठी भीती ही. अचानक चक्कर, तोल जाणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, ही मेंदूच्या झटक्याची लक्षणं असू शकतात. गुठळीमुळे आलेल्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुमच्या घरात सात महिने रोज चक्कर येते आहे. उद्या खरी आली तर वहिनी काय करतील? गोळी देतील, खिडकी उघडतील, पडा थोडं म्हणतील. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. इथे लांडगा आलेला ओळखणारं माणूस एकच आहे, आणि तिला तुम्ही सात महिने फसवलं आहे.

तुमच्या मनात एक मार्ग आला असेल, पत्रात लिहिला नसलात तरी. हळूहळू बरं व्हायचं. आज थोडं बरं वाटतंय, उद्या अजून, महिनाभरात चक्कर गेली, देवाची कृपा. कुणाला काही सांगायला नको. मी यावर प्रामाणिकपणे विचार केला, कारण तुमची लाज मला दिसते. पण हा मार्ग मी तुम्हाला देणार नाही. एक तर वहिनींची भीती त्यानं जाणार नाही. पुन्हा कधी येईल या धास्तीत त्या पुढची दहा वर्षं काढतील, आणि तुमच्यावरची नजर आणखी घट्ट होईल. दुसरं, तुम्ही सोंग का केलंत हे त्यांना कधी कळणारच नाही. तुमच्या वतीनं चक्कर बोलली, तुम्ही बोललाच नाहीत. बरे झालात की पुन्हा तीच कोथिंबीर, तेच वाक्य पाहुण्यांसमोर, आणि दोन वर्षांनी कंबर किंवा छाती.

म्हणून सांगावं लागेल. क्रमानं सांगते.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एकटे जा. वहिनी सोबत आल्याच तर त्यांना बाहेर बसू द्या आणि डॉक्टरांना म्हणा, मला दोन मिनिटं एकट्याला बोलायचं आहे. सरळ सांगा: नोव्हेंबरनंतर मला चक्कर आलेली नाही, गोळ्या मी नीट घेत नाही, घरच्या ताणामुळे खोटं बोललो. ते रागावतील किंवा रागावणार नाहीत, पण गुप्ततेचं बंधन त्यांच्यावर आहे आणि गोळ्या कशा थांबवायच्या हे तेच सांगतील. मनानं एकदम बंद करू नका. या भेटीचा आणखी एक उपयोग होईल. खरं वाक्य मोठ्यानं उच्चारायची पहिली सवय होईल, आणि ती एका परक्यासमोर झालेली बरी.

मग वहिनी. त्याच आठवड्यात, पुढे ढकलू नका. मुलगी घरात असताना नको, कुणी पाहुणे यायच्या आधी नको, रात्री तर नकोच. दुपारचा चहा झाल्यावर, दोघंच असताना. चहा तुम्ही करा. प्रस्तावना नको. एवढंच म्हणा: 'मला तुला एक वाईट गोष्ट सांगायची आहे. दिवाळीनंतर दहा दिवसांत माझी चक्कर गेली होती. त्यानंतर मी खोटं बोललो. तू रात्री उठत होतीस ते मला कळत होतं, तरी गप्प राहिलो. माझं चुकलं.' आणि थांबा.

हे थांबणं सर्वांत अवघड आहे. तुमच्या ओठांवर लगेच येईल, 'पण तू मला किती...' ते त्या दिवशी बोलायचं नाही. कबुलीला तक्रार जोडली की कबुली राहत नाही, तो सौदा होतो. वहिनी रडतील, भांडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. कदाचित म्हणतील, मला संशय होताच. काहीही झालं तरी कपाळाला हात लावून आडवे होऊ नका. त्या दिवशी डोकं खरंच दुखलं तरी बसून राहा.

'का केलंस?' हा प्रश्न त्या विचारतील तेव्हा एका वाक्यात खरं उत्तर द्या: 'आजारी असलो की तू माझ्याशी हळू बोलायचीस.' याहून जास्त नको. हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागेल. पोचलं की ते त्यांनाही झोपू देणार नाही, असा माझा अंदाज आहे.

मुलीला फोन तुम्ही करा, वहिनींवर ते काम टाकू नका. तिनं रजा खर्च केली आहे, आणि वडिलांना मेंदूचा काही त्रास आहे का या काळजीत सात महिने काढले आहेत. ती जे बोलेल ते ऐकून घ्या.

मग एक आठवडा, जमल्यास दोन, काहीही मागू नका. त्या काळात घरातलं एक काम पूर्ण उचला. मदत म्हणून नको, काम तुमचं म्हणून. बाजार घ्या. काय संपलंय ते तुम्ही बघा, यादी तुम्ही करा, वांगी कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा. वहिनी म्हणतील ही वांगी जून आहेत. असू देत, पुढच्या वेळी कोवळी आणाल. भजनी मंडळात त्यांनी परत जावं म्हणून त्या दोन तासांत घर तुम्ही बघा, आणि जा म्हणून मागे लागा. सात महिने त्यांनी ते तुमच्यासाठी सोडलं होतं.

त्यानंतर तुमचं मागणं. तेही स्पष्ट, कारण 'मला मोकळीक दे' यातून कुणालाच काही कळत नाही. सकाळी सहा ते आठ मी अजिंक्यताऱ्यावर चालायला जाणार, फोन घरी ठेवून. (पहिले काही दिवस डॉक्टरांना विचारून आणि मित्राबरोबर, एवढं वहिनींसाठी मान्य करा.) पेन्शन आली की घरखर्चाची रक्कम दोघांनी ठरवायची, ती तुझ्याकडे, उरलेली आणि कार्ड माझ्याकडे. आणि पाहुण्यांसमोर मला काय कळतंय असं म्हणायचं नाही. मला कळत नसेल तर आत येऊन सांग. हे तिसरं सर्वांत महत्त्वाचं, तेव्हा त्यावर अडून राहा. पुन्हा तसं झालं तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता म्हणा, 'हे आपण नंतर बोलू.' पहिल्या दोन-तीन वेळा जीभ जड होईल. तीस वर्षांत 'नाही' हा शब्द तुम्ही त्यांच्यासमोर वापरलेलाच नाही, चक्करेला वापरायला लावलात.

वहिनी सगळं मान्य करतील असं मी लिहून देणार नाही. काही मान्य करतील, काहीवर भांडण होईल, आणि विश्वास परत यायला तुम्ही खोटं बोललात त्याहून जास्त महिने लागतील. तेवढे महिने तुम्ही 'बरं नाही' म्हणालात की त्या तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. ते सोसा. खरं दुखलं तर मात्र संकोच करू नका, आणि दोघांनी आजच ठरवा की जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं किंवा हात उचलेना, तर कुणी कुणाला खरं-खोटं विचारायचं नाही, थेट १०८ ला फोन.

दोघांना मिळून एकदा समुपदेशकाकडे बसता आलं तर जरूर बसा. वहिनी नाही म्हणाल्या तर तुम्ही एकटे जा. मन फार खचलं, विशेषतः सांगितल्यानंतरच्या दिवसांत, तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

पेटीचं राहिलं. ती माळ्यावर इतके दिवस आहे, भात्याला कसर लागली नाही ना ते बघावं लागेल. पण ती काढायची घाई करू नका. सगळं सांगून झाल्यावर, बाजार चार-सहा वेळा करून झाल्यावर काढा. स्टुलावर तुम्हीच चढा. आणि स्टूल धरायला वहिनींना हाक मारा.